नोंदी परक्यांच्या, पिशवी आपली

गतवर्षीच्या श्रावणातील गोष्ट. संध्याकाळी साडेसातला नित्याप्रमाणे माझे काम सुरू झाले होते. काम अमेरिकेतील एका कंपनीचे. बसण्याची जागा मात्र सांगलीतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली. तेथील रुग्णालयांचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या पडद्यामागील भागाची बांधणी करणे हा माझा व्यवसाय. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला आलेले काम असे होते की, डॉक्टरने एखादे औषध लिहिताच, त्या रुग्णाला ते सोसत नसल्याची जुनी नोंद कोठेही असेल, तर डॉक्टरसमोर तत्क्षणी इशारा उमटावा. नोंद पंधरा वर्षांपूर्वीची असो वा दुसऱ्या गावच्या रुग्णालयातील असो, ती सापडलीच पाहिजे, अशी अट होती.

त्याच आठवड्यात आईला तापाने रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथील डॉक्टरांनी विचारले, ‘‘पूर्वी कोणत्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती का?’’ आली होती. बारा वर्षांपूर्वी, याच शहरात. औषधाचे नाव वडिलांना ठाऊक होते. ते आज हयात नाहीत. आईला नाव आठवेना. मी घरी धावलो आणि कपाटातील ती पिशवी जमिनीवर उपडी केली. कोणत्याही मराठी मध्यमवर्गीय घरात असते तशीच ती पिशवी. एक्स-रेच्या फिल्म, घड्यांवर फाटलेले रक्ततपासणीचे अहवाल, शाई उडून गेलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. हवा तो कागद त्यात नव्हता. जुन्या रुग्णालयात चौकशी केली, तर त्या वर्षीचे केसपेपर केव्हाच रद्दीत गेल्याचे समजले. डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी संशयित औषधे टाळली आणि आई बरी होऊन घरी आली. घरी आल्यावर ती सहज म्हणाली, ‘‘रात्र रात्र जागून तिकडच्या लोकांच्या आजारपणाची वही लिहितोस. माझी वही कोण लिहिणार रे?’’

आईच्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा प्रसंग येथे सांगितला तो सहानुभूतीसाठी नव्हे. महाराष्ट्रातील आणि देशातील सहस्रावधी तरुण अभियंत्यांच्या घरी हीच विसंगती रोज रात्री नांदते आहे. तिच्याकडे आपण पगाराच्या आनंदात डोळेझाक करीत आलो आहोत. राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्या समाजाने तरी आता ती करू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पडद्यामागचे काम

हे पडद्यामागचे काम म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. रुग्ण पाहतो ती खिडकीवरची नोंद आणि डॉक्टर पाहतो तो संगणकाचा पडदा. त्यामागे एक अदृश्य कारकून अहोरात्र राबत असतो. एकाच नावाच्या दोन रुग्णांची सरमिसळ होऊ न देणे, एकाच रुग्णाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर त्या जोडणे, प्रयोगशाळेचा अहवाल योग्य खाटेवरच्या योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, विम्याचा दावा त्रुटी न राहता पाठवणे, आणि कोणाची नोंद कोणी व केव्हा उघडली याची न पुसता येणारी खतावणी ठेवणे, ही सारी त्याची कामे. त्याच्याकडून चूक झाली तर हिशेब बिघडतोच, पण प्रसंगी माणूसही दगावतो.

हा कारकून आम्ही घडवतो. अमेरिकेत १९९६ साली ‘हिपा’ हा कायदा झाला, आणि त्यातून रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचे कडक नियम आले. ते नियम आम्हाला सांगलीत बसून पाळावे लागतात. खऱ्या रुग्णाचे नाव आमच्या दृष्टीस पडत नाही; चाचणीसाठी बनावट माहिती वापरावी लागते. दरवर्षी प्रशिक्षण होते, दरवर्षी परीक्षा होते. ओहायोतील एखाद्या वृद्धेची खाजगी माहिती सांगलीतील एक तरुण प्राणपणाने जपतो. यात खेद वाटण्याजोगे काही नाही. हातात घेतलेले काम चोख करणे हा आपला धर्मच आहे. खेद याचा की, तोच तरुण आपल्या गावातील रुग्णालयात गेला, की त्याला कळकट रजिस्टर आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे दिसतात, आणि त्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

अमेरिकेतही हे काही आकाशातून पडले नाही. २००८ साली तेथील दहा रुग्णालयांपैकी जेमतेम एखाद्या रुग्णालयात अशी संगणकीय नोंदपद्धती होती. २००९ साली तेथील सरकारने ‘हायटेक’ नावाचा कायदा केला. नोंदी संगणकावर आणणाऱ्या रुग्णालयांना अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले आणि न आणणाऱ्यांची सरकारी देयके कापण्याची तंबी दिली. दशकभरात तेथील जवळजवळ प्रत्येक रुग्णालय संगणकावर आले. मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या देशाने राष्ट्रीय गरज दिसताच राज्यशक्ती वापरली, ही बाब आपल्याकडील बाजारवाद्यांनी ध्यानात घ्यावी. आणि त्या धोरणाची अंमलबजावणी करणारे हात कोणाचे होते? पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई येथील भारतीयांचेही ते होते. अमेरिकेचा संकल्प आणि भारताची बुद्धी, असा तो व्यवहार झाला. मोबदला आपल्याला मिळाला. पण निर्मिती, तिची मालकी आणि तिच्यातून साचत जाणारे ज्ञान तिकडेच राहिले.

‘कोडला देश नसतो’!

असे काही बोलले, की आमच्या क्षेत्रातील सुशिक्षित मंडळी एक ठरलेले उत्तर तोंडावर फेकतात : ‘‘कोडला देश नसतो. तुमची स्वदेशी खादीच्या दुकानात ठेवा.’’ देशाला दरवर्षी सॉफ्टवेअरच्या निर्यातीतून दोनशे अब्ज डॉलरहून अधिक मिळतात, मग आणखी काय हवे, असा त्यांचा सवाल असतो. हे परकीय चलन मोलाचे आहे, ते मिळवणाऱ्यांचे श्रमही मोलाचे आहेत, हे मान्यच. परंतु कोडला देश नसतो, हे विधान मात्र गेल्या काही वर्षांतील घटनांनी धुळीस मिळवले आहे.

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादताच नायरा एनर्जी या भारतात नोंदलेल्या आणि भारतात तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या ई-मेलसह अनेक सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केल्या. पैसे भरलेले होते, करार झालेला होता. तरीही एका कळीसरशी सारे ठप्प झाले. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. ती तेलशुद्धीकरण कंपनी होती म्हणून काही दिवस निभले. तिच्या जागी एखादे आठशे खाटांचे रुग्णालय असते तर? अतिदक्षता विभागातील रुग्ण न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत थांबला असता काय?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. त्याच सुमारास परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर आकारावा, असे विधेयक तेथील एका सिनेटरने मांडले. विधेयक मांडले जाणे म्हणजे कायदा होणे नव्हे. पण वाऱ्याची दिशा कळायला तेवढे पुरे. कोडला देश नसतो म्हणणाऱ्यांना तिकडचे राज्यकर्ते रोखठोक सांगत आहेत की, आमच्या कोडला देश आहे, आमच्या डॉलरला देश आहे. देश नाही तो फक्त तुमच्या बुद्धीला!

हा धडा आपण पूर्वीही एकदा शिकलो होतो. १९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक आपल्याला नाकारला. त्या नकारातून १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. त्या वेळी नकार मिळाला म्हणून आपण जागे झालो. आज आपल्याला नकार मिळत नाही, पगार मिळतो; म्हणून आपण झोपलेले आहोत. अवहेलनेपेक्षा सुखासीनता राष्ट्राला अधिक पंगू करते, याचे याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

सामर्थ्य आहे, सिद्धही झाले आहे

आपल्याला हे जमणार नाही, हा दुसरा आक्षेप. तो घेणाऱ्यांनी १६ जानेवारी २०२१ नंतरचा काळ आठवावा. ‘को-विन’ या स्वदेशी प्रणालीवर २२० कोटींहून अधिक लसमात्रांची नोंद झाली. त्याच सुमारास काही प्रगत म्हणवणाऱ्या देशांत लसीकरणाची नोंद कागदी कार्डावर हाताने होत होती, आणि आपल्याकडील खेड्यातील आजीबाईंना मोबाईलवर प्रमाणपत्र मिळत होते. ‘सी-डॅक’च्या मोहाली केंद्राने उभारलेल्या ‘ई-संजीवनी’वरून तीस कोटींहून अधिक वैद्यकीय सल्ले दिले गेले आहेत. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि सत्तर कोटींहून अधिक नागरिकांची ‘आभा’ खाती उघडली गेली. रुग्णनोंदींची मानके काय असावीत, हे पाहणारे राष्ट्रीय केंद्र ‘सी-डॅक’मध्ये, आपल्या पुण्यातच आहे. ‘सी-डॅक’च्या रुग्णालय प्रणालीचे नावही ‘ई-सुश्रुत’ असे आहे. ज्या भूमीत सुश्रुताने शस्त्रक्रियेची नियमबद्ध मांडणी केली, तेथे रुग्णाची नोंद ठेवण्याचे शास्त्र परक्यांकडून विकत घ्यावे लागावे, याची लाज त्या नामकरणामागे असेल, तर ती स्वागतार्हच आहे.

या साऱ्याला सरसकट विरोध करणारा एक वर्ग आहे. ‘आभा’ म्हणजे सरकारी पाळत, अशी आरोळी तो पहिल्या दिवसापासून ठोकतो आहे. खाजगीपणाची चिंता चुकीची नाही. उलट ती सर्वांनी करावी. पण गंमत अशी की, याच मंडळींच्या मनगटावरील परदेशी घड्याळ त्यांच्या हृदयाचे ठोके रात्रंदिवस परदेशी सर्व्हरवर धाडत असते, त्यांचे रक्ताचे अहवाल परदेशी ॲपवर फिरत असतात आणि त्याबद्दल त्यांची लेखणी कधी उठत नाही. परकी कंपनी मोजते तेव्हा ती सुविधा, आणि आपला देश मोजतो तेव्हा ती पाळत, हा कोणता न्याय? चिंतेचे उत्तर कायद्यात असते. २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्या कायद्याची धार बोथट होऊ नये म्हणून झगडा, आम्हीही बरोबर येऊ.

दोष आपलाही

मात्र बोट दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. देशातील अग्रगण्य रुग्णालयात जवळजवळ दोन आठवडे हाताने कागदावर नोंदी कराव्या लागल्या. प्रणाली स्वदेशी होती, पण सुरक्षेतील त्रुटीही स्वदेशीच होत्या. अमेरिकेतही फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती उघड्यावर आली, हे खरे. पण दुसऱ्याचे घर जळाले म्हणून आपल्या जळक्या वाशाचे समर्थन होत नाही. स्वदेशी म्हणजे ढिसाळपणाला दिलेला परवाना नव्हे. जी शिस्त आपण परक्यांच्या नोंदींसाठी पाळतो, ती आपल्या नोंदींसाठी पाळायची नसेल, तर स्वदेशीचा उच्चारही करू नये.

दुसरा दोष अधिक घरचा आहे. एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात दोन वर्षांपूर्वी मी स्वतःहून गेलो. रुग्णनोंदणीची प्रणाली बसवून देण्याची तयारी दाखवली. विश्वस्त ज्येष्ठ, सज्जन. ते म्हणाले, ‘‘वा, आपलाच मुलगा आहे, फुकट करून देईल!’’ मी केले. सहा महिने चालले. पुढे एक बिघाड झाला तेव्हा मी परदेशी कंपनीच्या तातडीच्या कामात अडकलो होतो. चार दिवस लागले. रुग्णालयाने पुन्हा रजिस्टर काढले आणि ते आजतागायत मिटलेले नाही. यात विश्वस्तांचा जेवढा दोष, तेवढाच माझाही. सॉफ्टवेअर म्हणजे देणगीदाखल बसवलेला पंखा नव्हे, की एकदा लावला आणि विसरलो. त्याची रोज देखभाल लागते आणि देखभाल करणाऱ्याला घर चालवावे लागते. क्ष-किरण यंत्राला आपण लाखो रुपये मोजतो, इमारतीच्या संगमरवरावर देणगीदारांची नावे कोरतो. पण नोंदप्रणालीसाठी पैसे मागितले की आपल्याला सेवाभाव आठवतो. सेवा ही देणाऱ्याची वृत्ती असावी. ती घेणाऱ्याची सबब होऊ नये.

तिसरी गोष्ट आयात केलेल्या साच्याची. परदेशी प्रणालीत नावाचे तीन कप्पे असतात आणि शेवटचा कप्पा आडनावाचा. आपल्याकडे सासर-माहेरची नावे वेगळी, काही समाजांत आडनाव नाहीच, आणि एकच ‘ज्ञानेश्वर’ रोमन लिपीत पाच प्रकारे लिहिला जातो. अनेक वृद्धांना जन्मतारीख ठाऊक नसते. म्हणून निम्मे गाव एक जानेवारीला जन्मलेले दिसते. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. पाच जुलैचे सात मे व्हायला वेळ लागत नाही. तेथील प्रणालीत विम्याचा दावा हा कणा असतो, येथे खिशातून पैसे देणारा शेतकरी असतो. आपल्या माणसाच्या मापाचा अंगरखा परक्या शिंप्याकडून शिवून येणार नाही. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून ‘बहमनी’ ही खुल्या स्रोताची रुग्णालय प्रणाली आकारास आली, आणि ती पुढे इतर देशांतही वापरली गेली. खेड्याच्या गरजेतून जगाला उपयोगी पडणारी वस्तू घडते, याचा हा पुरावा आपल्याच देशातला आहे.

रात्रपाळीचे घर

या विषयाची एक कौटुंबिक बाजूही आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक अभियंते घरी परतले. मुलगा घरी आला म्हणून आईवडील सुखावले. पण तो घरात असतो, घरच्यांत नसतो. संध्याकाळी शाखेची वेळ होते, तेव्हा त्याच्या कामाची सकाळ उजाडते. घरात सांजवात लागते, तेव्हा तो कानाला हेडफोन लावून कोणा परक्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणत असतो. मुले झोपतात तेव्हा तो कामात, आणि मुले शाळेत निघतात तेव्हा तो झोपेत. संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा जो विषय समाजापुढे मांडला गेला, त्यात कुटुंब प्रबोधन आणि ‘स्व’चा बोध हे दोन्ही आहेत. ते दोन वेगळे विषय नाहीत, हे मला या खोलीत बसून उमगले. ज्याचे घड्याळ परक्याचे, त्याचे घर हळूहळू परके होते.

मग नोकऱ्या सोडाव्यात काय? मुळीच नाही. असले भाबडे आवाहन करणारा मी नव्हे. माझेही घर याच पगारावर चालते. दत्तोपंत ठेंगडींनी कामगार क्षेत्रात काम करताना राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण अशी त्रिसूत्री दिली. त्यातील तिसरे सूत्र आम्हा संगणकावरच्या श्रमिकांना आजही लागू आहे. श्रमिकाचे राष्ट्रीयीकरण म्हणजे त्याची नोकरी काढून घेणे नव्हे. त्याच्या कौशल्यात राष्ट्राचा वाटा आहे, याचे भान त्याला येणे.

ते भान कृतीत यावे, यासाठी चार गोष्टी करता येतील. पहिली, आपल्या विचारांच्या संस्थांनी चालवलेल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन एकच स्वदेशी, खुल्या मानकांवरील नोंदप्रणाली स्वीकारावी आणि तिच्या देखभालीसाठी पूर्ण वेतनावर माणसे नेमावीत. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून सेवेचा आदर्श घालून देत आले आहे. सेवेत जो आदर्श घडला, तो नोंदींतही घडू शकतो. दुसरी, शासनाने रुग्णालयांसाठी प्रणाली घेताना कमीत कमी दराच्या निविदेपलीकडे पाहावे. नोंदी देशातच राहतील, कंत्राट संपले तरी त्या शासनाच्याच राहतील आणि दुसऱ्या प्रणालीत नेता येतील, अशी अट प्रत्येक करारात असावी. तिसरी, प्रत्येक अभियंत्याने आठवड्यातील निदान चार तास या कामाला द्यावेत. मात्र एकट्याने नव्हे, गट करून, म्हणजे एक अडकला तर दुसरा उभा राहील. माझी चूक मी वर सांगितलीच आहे. चौथी गोष्ट तुम्हा-आम्हा कुटुंबांची. रुग्णालयातून घरी येताना बिलाची पावती मागतो, तशी संगणकीय नोंदही मागा. गिऱ्हाईक मागू लागले की दुकानदार माल ठेवतो.

लोकमान्यांनी स्वदेशीचा मंत्र दिला तेव्हा परकी वस्तू बंदरातून येताना डोळ्यांना दिसत होती. तिची होळी करता येत होती. आजची परवशता दिसत नाही. ती कराराच्या बारीक अक्षरात असते, दूरच्या सर्व्हरमध्ये असते, आणि आपल्याच मुलाच्या बुद्धीच्या बळावर उभी असते. तिची होळी करता येत नाही. तिला पर्याय उभा करावा लागतो, आणि ते काम होळीपेक्षा फार कष्टाचे आहे.

आईची पिशवी अजून कपाटात आहे. गेल्या दोन महिन्यांत आम्ही आठ मित्रांनी रविवारी सकाळी एकत्र बसून त्याच विश्वस्त रुग्णालयाचे काम पुन्हा हाती घेतले आहे. या वेळी देखभालीचा करार लेखी आहे आणि वेतनही ठरले आहे. पहिली नोंद कोणाची करायची, असा प्रश्न निघाला, तेव्हा मी आईचे नाव लिहिले. जे औषध तिला सोसत नाही, त्याचा रकाना अजून मोकळा आहे. तो मोकळा का राहिला, याचा जाब प्रत्येकाने स्वतःला विचारावा.